पडायला शिकवणारी बाई

अत्तरसाहेब ज्यूदोच्या वर्गात पहिल्यांदा आले ते बूट घालून थेट मॅटवर चढले, आणि धाकटीच्या मनातून तिथेच उतरले.

धाकटी म्हणजे पन्नाशीला टेकलेली बाई. घरात दोघी बहिणी, थोरली अक्का आणि ही धाकटी. ते नाव केस पिकले तरी सुटलं नाही. बाहेर मात्र लहानथोर सगळे तिला 'बाई' म्हणत. एका छापखान्याच्या तळघरात तिचा वर्ग चालायचा. वर यंत्रं सुरू झाली की खाली दिवा थरथरायचा. शाई, फिनेल आणि जुना घाम यांचा मिळून एक वास तिथे कायमचा वस्तीला आला होता. तो तिला आवडायचा असं नाही, पण तो प्रामाणिक होता. मॅट ती रोज स्वतः पुसून काढायची, कारण ज्या जागेवर माणसं गाल टेकतात ती जागा स्वच्छ हवी, एवढं तिचं साधं म्हणणं होतं. आणि त्या मॅटवर हे गृहस्थ रस्त्याची घाण घेऊन उभे.

"साहेब, बूट," ती म्हणाली.

"ओ, सॉरी सॉरी!" असं म्हणून ते दोन पावलं मागे सरकले, म्हणजे आणखी दोन जागा घाण केल्या. मग हात पुढे केला. तो हात मऊ आणि दमट होता, पिळायचा राहून गेलेल्या बोळ्यासारखा. आणि अंगाला अत्तर असं की पिकून फुटलेलं फळ कोणीतरी खिशात विसरलंय असं वाटावं.

हे साहेब गाद्यांच्या कारखान्याचे व्यवस्थापक. धाकटीची अक्का त्याच कारखान्यात शिलाई विभागात होती. गादीच्या कडेला जी जाड पट्टी असते ती यंत्रावर फिरवत फिरवत शिवायचं तिचं काम. 'अत्तर' हे नाव तिथल्याच बायकांनी ठेवलेलं. साहेब यायच्या आधी त्यांचा वास यायचा, त्यामुळे गप्पा वेळेवर थांबवता यायच्या, तेवढाच त्याचा फायदा.

"मॅडम, आमच्या लोकांना मरगळ आलीय," अत्तरसाहेब म्हणाले. "त्यांच्यासाठी काहीतरी वेगळं करायचंय. तुमच्या बहिणीकडून तुमचं कळलं. मी इंटरनेटवर वाचलं सगळं. ज्यूदो म्हणजे समोरच्याची ताकद त्याच्यावरच उलटवायची, करेक्ट?"

"अर्धवट करेक्ट," धाकटी म्हणाली.

कोणी ज्यूदोबद्दल विचारलं की तिला राहवायचं नाही. हा तिचा जुना रोग होता. मनातून उतरलेल्या माणसालाही ती मन लावून सांगू लागली. भिंतीवर एका मिशीवाल्या जपानी गृहस्थांचा फोटो होता, त्याकडे बोट करून म्हणाली, "हे कानो. यांनी ज्यूदो सुरू केला. लहानपणी अंगानं किरकोळ. शाळेतली दांडगी पोरं यांना बुकलायची. म्हणून जुजुत्सू, म्हणजे तिथली जुनी झुंजीची विद्या, शिकायला निघाले, तर शिकवणारे भेटेनात. तलवारींचा जमाना संपला होता, जुन्या उस्तादांना कोणी विचारत नव्हतं. त्यातले काही मोडलेली हाडं बसवून पोट भरत होते. अशा लोकांचे उंबरे झिजवून हे शिकले. पण ती विद्या होती माणूस मोडायची. यांनी तिच्यातलं मोडायचं तेवढं सरावातून बाजूला काढलं आणि उरलेलं असं जुळवलं की दोन माणसं जीव तोडून झुंजतील आणि दोघंही धडधाकट घरी जातील. एका देवळातली खोली घेऊन मोजक्या शिष्यांबरोबर सुरुवात केली."

"वा! म्हणजे स्टार्टअपच!" अत्तरसाहेब म्हणाले.

धाकटीनं ते कानाआड केलं. "त्यांची दोन तत्त्वं आहेत. पहिलं, ताकद कमीत कमी लावायची आणि तिचा उपयोग जास्तीत जास्त करून घ्यायचा."

"हे! हेच!" साहेबांनी फोन काढून अंगठ्यानं भराभर टिपून घेतलं. "आणि दुसरं?"

"दुसरं असं की माझं भलं आणि तुझं भलं वेगळं काढता येत नाही. समोरचा मला त्याचं अंग उसनं देतो, म्हणून मी शिकते. ते जसंच्या तसं परत करायची जबाबदारी माझी."

पण तोवर साहेबांना कोणाचा तरी निरोप आला होता आणि ते फोनकडे बघून हसत होते. "छान, छान," एवढं म्हणाले. ते गेल्यावर धाकटीनं मॅट दोनदा पुसली. बुटाचे डाग गेले. अत्तर मात्र संध्याकाळपर्यंत हटलं नाही.

घरी आल्यावर तिनं अक्काला सांगून टाकलं, "मी नाही म्हणणार आहे. त्या माणसाच्या हातात हात दिला तेव्हापासून मला तो हात धुवावासा वाटतोय."

अक्का पाय लांब करून मान चोळत बसली होती. "तुला त्याच्याशी लग्न लावायचंय का? त्याच्याकडे कशाला बघतेस, आमच्याकडे बघ. दिवसभर मान खाली घालून शिवतो. कटाईतले लोक फोमचे ठोकळे उचलून कमरेतून गेलेत. आणि मी काय म्हणते, इतकी वर्षं तुझ्या तोंडून ज्यूदो ज्यूदो ऐकतेय. एकदा करून तरी बघू दे की."

अक्कानं आपण होऊन काही मागायची उभ्या आयुष्यातली ती बहुतेक पहिलीच वेळ असावी. धाकटी विरघळली.

कारखान्याच्या गोदामात वर्ग सुरू झाला. पाळी सुटल्यावर शिलाई आणि कटाईतली माणसं तिथे जमायची. नापास झालेल्या गाद्या जमिनीवर एकमेकींना चिकटवून मांडल्या होत्या आणि वरून ताडपत्री ताणून बांधली होती. फोमची बारीक भुकटी हवेत तरंगत असायची, घशात बसायची. गोंदाच्या पिंपांचा वास तर असा की पहिल्या दिवशी धाकटीचं डोकंच उठलं. हे लोक हे रोज नाकात भरून घेतात, या विचारानं तिला कसंसंच झालं.

पहिल्याच दिवशी पैलवान पुढे आला. हा कटाईतला दांडगा गडी. कुस्ती त्यानं जन्मात खेळली नव्हती, नुसत्या आकारावरून नाव पडलेलं. "बाई, पाडायचं तेवढं शिकवा," तो म्हणाला. "पडायला काय, ते आम्हाला आईच्या पोटातून येतं."

सगळे हसले. धाकटीही हसली, आणि हसता हसता तिनं त्याची टाच आपल्या पायानं हलकीच सरकवली. पैलवान पोत्यासारखा गेला आणि जाताना हात मागे टेकला.

"बघ. ही जमीन असती तर मनगट गेलं होतं," ती म्हणाली. "पडायला कोणालाच येत नाही. म्हणून आधी पडणं. पाडायचं नंतर."

मग तिनं शिकवलं. हनुवटी छातीला लावायची, नजर स्वतःच्या पोटाकडे, म्हणजे डोकं आपटत नाही. हात मागे टेकायचा नाही, खांद्यापासून तळव्यापर्यंत सगळा हात जमिनीवर सपकन मारायचा, म्हणजे धक्का वाटला जातो. श्वास सोडायचा. घाबरून आखडलं की लागतं. सुरुवात बसून, मग उकिडवं, मग उभ्यानं.

माणसं आधी लाजली. संसार झालेल्या बाया, पोट सुटलेले बाप्ये. भरल्या लोकांत आडवं व्हायचं म्हणजे काय! पण अक्का पुढे झाली. पदर खोचावा तशी ओढणी कमरेला आवळून उभी राहिली, डोळे मिटले आणि धप्पकन मागे पडली. हात बरोबर आपटला. क्षणभर तशीच पडून राहिली, आणि मग तिला हसू फुटलं ते थांबेचना. "अगं, काहीच लागलं नाही!" ती डोळे पुसत म्हणाली. "एवढ्या उंचावरनं पडले आणि काहीच लागलं नाही!"

त्यानंतर रांग लागली.

पुढे धाकटीनं तोल शिकवला. समोरच्यानं ढकललं तर विरोध करायचा नाही, त्याच दिशेला ओढायचं. ओढलं तर त्याच्याबरोबर जायचं. ढकलणारा स्वतःच्याच जोरावर पुढे येतो आणि टाचांवर किंवा चवड्यांवर लटकतो. त्या क्षणी त्याचं वजन त्याचं राहत नाही. पैलवानाला हे कळायला वेळ लागला, पण कळलं तेव्हा त्यानं शिलाईतल्या सगळ्यात बारक्या बाईला म्हटलं, "मला पाड." आणि तिनं पाडला. गोदाम दणाणलं.

आणि एक गोष्ट धाकटी रोज घोकून घ्यायची. पाडणाऱ्यानं पडणाऱ्याची बाही सोडायची नाही. तो जमिनीला टेकेपर्यंत ती वर ओढून धरायची, म्हणजे त्याचं डोकं वर राहतं. "बाही सुटली तर तो ज्यूदो नाही, ती नुसती धक्काबुक्की," ती म्हणायची. मंडळींनी हे इतकं मनावर घेतलं की कामातही फोमचा ठोकळा उचलताना एकमेकांना ओरडायचे, "बाही सोडू नको रे!"

अक्काची मान सुटली. रात्रीचं जेवण झालं की दोघी बहिणी गादीवर बसून आज कोण कसा पडला याच्या गप्पा मारायच्या. अत्तरसाहेब अधूनमधून दारात येऊन उभे राहायचे, फोननं चित्रण करायचे. एकदा त्यांनी विचारलं, "मॅडम, महिनाअखेरीला सगळ्यांना पडता येईल ना? कोणी मागे राहायला नको."

"येईल की," धाकटी खुशीत म्हणाली. साहेबांबद्दल आपला अंदाज चुकला, माणूस वासाइतका वाईट नाही, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

महिनाअखेरीला समारोप ठरला. धाकटी गोदामात शिरली तर ओळखीचं काहीच दिसेना. खुर्च्या मांडलेल्या, मालकांकडची चार-सहा माणसं कोट घालून बसलेली, कोपऱ्यात कॅमेरा. भिंतभर एक फलक लावला होता. त्यावर तिचा स्वतःचाच फोटो, हात आपटतानाचा, आणि खाली मोठ्या अक्षरांत: 'पडणं ही कला आहे. चला, नव्यानं उठू या!' फोटो लावताना तिला कोणी विचारलं नव्हतं. तिला ते खटकलं, पण लोक नटूनथटून आले होते, अक्कानं केस बांधून वर क्लिप लावली होती. धाकटी खुर्च्यांच्या कडेनं मॅटकडे गेली.

मग अत्तरसाहेब आले. अंगात ज्यूदोचा कोरा करकरीत पांढरा पोशाख, घडीच्या रेघा तशाच. आणि कमरेला ब्लॅक बेल्ट.

धाकटीला तो पट्टा मिळवायला उमेदीची वर्षं गेली होती, एक गुडघा गेला होता. यांनी तो दुकानातून आणला होता. गाठही चपलेच्या बंदासारखी मारली होती. तिच्या तोंडाला आंबट पाणी सुटलं.

आधी प्रात्यक्षिकं झाली. सगळे झकास पडले, झकास उठले. कोटवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. मग साहेबांनी माईक घेतला.

"मित्रांनो, महिनाभरापूर्वी तुम्हाला पडायची भीती वाटत होती. आज वाटत नाही. का? कारण तुम्ही शिकलात, पडणं म्हणजे हरणं नव्हे! ज्यूदोचं तत्त्व काय? कमीत कमी ताकद, जास्तीत जास्त उपयोग. कंपनीलाही आता हेच करायचंय. नवं यंत्र येतंय. ते फोम कापतं, पट्टी शिवतं, सगळं करतं. त्यामुळे शिलाई आणि कटाई हे दोन विभाग आपण पुढच्या महिन्यापासून मोकळे करतोय."

'मोकळे' म्हणजे काय ते कळायला लोकांना थोडा वेळ लागला. कोणीतरी तर टाळी वाजवायला हातही उचलला होता.

"दुसऱ्या कंपन्या लोकांना तसंच सोडून देतात," साहेब गोड आवाजात पुढे म्हणाले. "आपण तसं केलं नाही. आपण आधी तुम्हाला पडायला शिकवलं."

धाकटीला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मग साहेबांचा दारातला प्रश्न आठवला. महिनाअखेरीला सगळ्यांना पडता येईल ना? कोणी मागे राहायला नको. त्या प्रश्नावर आपण खुशीत 'येईल की' म्हणालो होतो. तिनं अक्काकडे पाहिलं. अक्का फलकावरच्या फोटोकडे बघत होती.

"आणि तुम्ही एकटे नाही," साहेबांचं चालूच होतं. "मीही तुमच्यातलाच आहे. आज मीही पडणार, तुमच्यासमोर! मॅडम, या. पाडा मला!"

कॅमेरा वळला. कोटवाले कौतुकानं पुढे झुकले. धाकटी मॅटवर गेली. जाताना तिला स्वतःला माहीत नव्हतं की आपण काय करणार आहोत. तिनं साहेबांची कॉलर धरली, बाही धरली. अत्तराचा लोट नाकात घुसला आणि त्याच्याखाली भीतीच्या घामाचा वास होता. त्यांनी दात दाखवून तिच्या कानाशी म्हटलं, "हळू हं, मॅडम."

तिनं जरासं ढकललं. कोणीही करतं तेच त्यांनी केलं, उलट जोर लावला. तो जोर तिनं ओढून घेतला, आणि साहेब चवड्यांवर लटकले. आता त्यांचं वजन त्यांचं राहिलं नव्हतं. मान ताठ. हनुवटी वर. डोळे कॅमेऱ्याकडे. या माणसानं महिनाभर दारात उभं राहून पडणं बघितलं होतं, पण एकदाही स्वतः पडून पाहिलं नव्हतं. दोन हात पलीकडे ताडपत्री संपत होती आणि सिमेंटची फरशी सुरू होत होती.

"आपटा बाई!" मागून पैलवान ओरडला. त्याचा आवाज फाटला होता. "सोडा बाही!"

तिला आपटायचं होतं. त्या गुळगुळीत मानेखाली फरशी यावी असं तिला अगदी आतून, दातओठ खाऊन वाटलं. ती वळली, कंबर त्यांच्या पोटाखाली घातली, साहेब तिच्या पाठीवरून उचलले गेले, आणि तिच्या हातानं तेच केलं जे तो हात तीस वर्षं करत आला होता. बाही वर ओढून धरली. साहेबांचं डोकं तिनं आपल्या मनगटाच्या जोरावर हवेत पेललं आणि झोपलेलं मूल ठेवावं तसं त्यांना गादीच्या मधोमध ठेवलं.

साहेब क्षणभर पांढरेफटक होऊन पडले होते. मग जिवंत आहोत असं कळलं तसे टुणकन उठले आणि दोन्ही हात वर केले. "बघा! बघितलंत? काहीच लागलं नाही! पडलो आणि काहीच लागलं नाही!"

अक्काचेच शब्द, पण या तोंडातून ते असे आले की धाकटीला ते कानातून खरवडून काढावेसे वाटले. कोटवाल्यांनी टाळ्या वाजवल्या.

तिनं माईक ओढून घेतला. "लागलं नाही कारण मी धरलं होतं," ती म्हणाली. "मी सोडलं असतं तर तुमची मान मोडली असती. या सगळ्यांना तुम्ही फेकताय. यांना कोणी धरलंय? कोणी बाही धरलीय यांची? ज्यूदोचं दुसरं तत्त्व मी सांगत होते तेव्हा तुम्ही फोनमध्ये..."

माईक बंद झाला होता. कोणीतरी तत्परतेनं गाणं लावलं, उत्साहाचं, ढोलबिल असलेलं. साहेब तिच्या खांद्यावर दमट हात ठेवून कॅमेऱ्याकडे बघत हसले आणि ओठ न हलवता म्हणाले, "मॅडम, भावनिक होऊ नका. तुम्हाला अजून खूप काम मिळवून देईन मी."

धाकटीनं तो हात झटकला आणि ती मागच्या दारानं बाहेर पडली. बाहेर मांडलेल्या गोंदाच्या पिंपांपाशी पोचली आणि तिला पुढे धीर धरवला नाही. ती भिंतीला धरून वाकली आणि भडभडून ओकली. पोटात काही उरलं नाही तरी उमासे येतच राहिले. स्वतःच्या हातांकडे बघवेना. या हातांनी त्या माणसाला जपलं होतं.

मागे अक्का येऊन उभी होती. तिनं पाठीवर हात ठेवला नाही.

"तुला माहीत होतं?"

"अक्का, तुझी शपथ. नव्हतं."

आतून गाण्याचा आवाज येत होता. "मग त्याला इतकं अलगद का ठेवलंस?" तिनं विचारलं.

धाकटीजवळ उत्तर होतं, पण ते तिथे, त्या वासात, अक्काच्या केसांतल्या त्या क्लिपकडे बघत सांगता येण्यासारखं नव्हतं. अक्का वळली आणि गेली.

पुढच्या महिन्यात दोन्ही विभाग बंद झाले. लोकांनी फाटकापाशी बसून पाहिलं, ओरडून पाहिलं. चार जणांना नव्या यंत्रावर घेतलं, बाकीच्यांना नाही. पैलवान घरसामान हलवणाऱ्यांकडे लागला. बारकी बाई कुठे गेली ते कळलं नाही. समारोपाची चित्रफीत मात्र सगळीकडे फिरली. त्यात साहेब पडतात, उठतात, हात वर करतात, आणि गाणं सुरू होतं. धाकटीचं बोलणं कापलेलं होतं. नुसता तिचा फोटो, आणि खाली तिचं नाव, 'आमच्या मार्गदर्शक' म्हणून. अत्तरसाहेबांना बढती मिळाली. असल्या माणसांना ती मिळतेच.

घरात अक्का कामापुरतं बोलायची. 'भाकरी झालीय', 'दार लाव', एवढंच. धाकटी वर्गात शिकवायची, पण 'पडणं' हा शब्द तोंडात आला की जिभेवर साय चढल्यासारखं व्हायचं. एक दिवस पैलवान आला. शिव्या द्यायला आला असेल असं वाटून ती उभीच राहिली. त्यानं खरंच दिल्या, पोटभर. तिनं ऐकून घेतल्या. शेवटी तो दम खात बाकावर बसला आणि म्हणाला, "काल कपाट घेऊन जिन्यावरनं घसरलो. हनुवटी आपोआप आत गेली. तुमच्यामुळं वाचलो, याचाच जास्त राग येतोय बघा."

"मलाही येतो," धाकटी म्हणाली.

फोन यायला लागले ते त्याच सुमाराला. कुठल्या कुठल्या कंपन्या. सगळ्यांचे आवाज धुतलेले, इस्त्री केलेले. आमच्याकडेही बदल होतायत, लोकांची मानसिक तयारी करायचीय, तो पडण्याचा कार्यक्रम आमच्याकडेही होईल का? दर वेळी धाकटीला तेच अत्तर फोनमधून आल्यासारखं वाटायचं. ती 'नाही' म्हणून ठेवायची आणि तोंड धुऊन यायची.

अशाच एका दुपारी ती मॅट पुसत होती आणि जिन्यावरून अक्का खाली आली. इतक्या वर्षांत ती या तळघरात कधी आली नव्हती. चपला वर काढून आलेली. इकडेतिकडे बघत म्हणाली, "इथेच शिकवतेस होय? किती कोंदट आहे." एवढ्यात फोन वाजला. धाकटीचे हात फिनेलचे होते. अक्कानंच तो उचलून कानाला लावला.

पलीकडून बरंच बोलणं झालं. अक्का 'हं', 'हो का', 'बरं बरं' करत राहिली. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू तो भाव येत गेला जो दुधात पाल पडलेली दिसल्यावर येतो.

"करू की कार्यक्रम," ती शेवटी अगदी गोड बोलली. "मी त्यांची थोरली बहीण. मीच बघते सगळं. फक्त आमच्याकडे सुरुवात वरून होते बरं का. आधी मोठे साहेब, मग मधले साहेब, मग तुम्ही. ताडपत्री-गाद्या काही नकोत, फरशीवरच घेऊ. आणि धरायला कोणी नसतं. कधी येऊ? ... हॅलो? ... हॅलो?"

तिनं फोन खाली ठेवला आणि ओढणीला हात पुसले. "ठेवला मेल्यानं."

धाकटी हसायला गेली, पण अक्का हसत नव्हती. अक्का बाकावर बसली.

"राग गेलेला नाहीये माझा," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"कधी जाईल ते सांगता येत नाही."

"मग बस की तोवर," धाकटी म्हणाली आणि फडका पिळायला वाकली. अक्का बसून राहिली.